मापाला बरोबर बसलेला पिस्टन: जावा-येझदीचे सुटे भाग आणि स्रोतांची चिकित्सा



पीएचडीच्या मुलाखतीला गेलात की एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या कामाचा प्राथमिक स्रोत कोणता, आणि तो विश्वासार्ह आहे हे कशावरून?" इतिहासाचे विद्यार्थी याचं उत्तर तयार करूनच येतात. आपण विज्ञानवाले मात्र गोंधळतो. आपल्याला वाटतं, स्रोतांची चिकित्सा हे मोडी कागद वाचणाऱ्यांचं काम. आपल्याकडे उपकरण आहे, त्यावर आकडा येतो, विषय संपला.

माझाही हाच समज होता. तो मोडला खंबाटकी घाटात, माझ्या काकांच्या १९७० सालच्या जावा मोटरसायकलवर.

झालं असं की काकांनी गाडीला नवीन पिस्टन बसवला होता. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून एका दुकानातून नक्कल घेतली. घेण्यापूर्वी मी स्वतः तो मोजला होता. मी मटेरियल सायन्सची विद्यार्थिनी, त्यामुळे घरात मोजमापाचं काम माझ्याकडेच येतं. माप बरोबर होतं. सिलिंडर त्या मापाला बोअर करून घेतला, पाचेकशे किलोमीटर गाडी हळू चालवून रुळवली, आणि मग आम्ही दोघं पुण्याहून साताऱ्याला निघालो. घाट चढताना इंजिनाचा आवाज अचानक दबला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता. काकांनी तेवढ्यात क्लच दाबला म्हणून गाडी सरळ राहिली. आमच्या मागे एक ट्रक होता. त्यापुढचं मी लिहीत नाही.

मग माप बरोबर असताना हे झालं कसं? उत्तर शोधायला मला मोटरसायकलीचा इतिहास वाचावा लागला. आजचा लेख त्याबद्दल आहे.

प्रागहून म्हैसूरला

आधी थोडी पार्श्वभूमी. 'जावा' या नावाचा त्या बेटाशी काही संबंध नाही. फ्रँटिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये प्रागमध्ये ही कंपनी काढली. 'वाँडरर' या जर्मन कंपनीचा मोटरसायकल विभाग त्याने विकत घेतला होता. यानेचेकमधली पहिली दोन अक्षरं आणि वाँडररमधली पहिली दोन, मिळून जावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीचं राष्ट्रीयीकरण झालं आणि चेकोस्लोव्हाकियाच्या या मोटरसायकली जगभर जाऊ लागल्या. १९५० च्या दशकात त्या भारतातही आयात होत होत्या.

पुढे परकीय चलनाची टंचाई आली आणि आयातीवर निर्बंध आले. परदेशी गाडी विकायची असेल तर ती इथेच बनवायची, असं त्या काळचं धोरण होतं. त्यातून रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरमध्ये 'आयडियल जावा' हा कारखाना उभा केला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर बनणारी ही २५० सीसीची दोन स्ट्रोकची गाडी. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक व्हायची. १९७३ पासून गाडीवर 'येझदी' हे नाव आलं आणि १९७८ मध्ये 'रोडकिंग' आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

बंद का पडला, याची कारणं एका ओळीत सांगता येणार नाहीत, पण दोन ठळक आहेत. १९८४ ते १९८६ या काळात जपानी सहकार्याने बनलेल्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा, आरएक्स १००, कावासाकी बजाज. यातल्या हिरो होंडासारख्या गाड्या पेट्रोल फारच कमी प्यायच्या. दुसरं म्हणजे १९९१ मध्ये धुराचे नियम आले आणि १९९६ मध्ये ते आणखी कडक झाले. पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला ते झेपणं कठीण होतं.

आता आपल्या कामाचा मुद्दा. कारखाना बंद पडतो म्हणजे नेमकं काय बंद पडतं? गाड्या तर रस्त्यावर असतातच. बंद होतात ते साचे, गेज आणि तपासणीचं टेबल. ड्रॉइंग कुठल्या कपाटात गेली, हे सांगणारं कोणी उरत नाही. कुठला भाग किती मापाचा, हे पुष्कळ लोकांना सांगता येतं. पण त्या मापात किती फरक चालेल, धातू कोणता, तो किती कडक केलेला, हे फक्त त्या ड्रॉइंगवर असतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे बुलेट. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीशी करार केला. आधी सुटे भाग आणून इथे जोडणी व्हायची, मग यंत्रसामग्री इकडे आली आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी संपली, मद्रासची चालू राहिली. परिणाम असा की इंग्लंडमधल्या जुन्या बुलेटचे मालक भारतात बनलेले भाग वापरू लागले. म्हणजे गाडी किती जुनी आहे यावर भाग मिळणं अवलंबून नसतं. ते बनवण्याची साखळी तुटली की नाही, यावर असतं.

पहिला प्रश्न: हा भाग नक्की कोणता?

जुन्या गाडीचा भाग शोधणारे बहुतेक जण थेट "कुठे मिळेल?" इथून सुरुवात करतात. आपणही विषय ठरला की लगेच डेटा शोधायला धावतो ना, तसंच. पण त्याआधीचा प्रश्न आहे, "मला नक्की काय हवंय?"

जावाच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये चेकोस्लोव्हाकियातून आलेले भाग होते. हळूहळू एकेक भाग देशी होत गेला. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, दोन-तीन वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन गाड्यांमध्ये भाग वेगळे निघू शकतात. त्यात चेक कारखान्याने ही मूळ गाडी १९६२ च्या सुमारास बदलली, पुढचं मॉडेल आणलं. म्हैसूरमध्ये मात्र जुनीच रचना पुढे चालू राहिली आणि तिच्यात इथले बदल होत गेले. भाषेत जसं होतं, माणसं गाव सोडून लांब जातात आणि त्यांच्या बोलीत जुने शब्दही टिकतात, नवेही येतात, तसंच काहीसं.

म्हणून पहिलं साधन म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. त्यात गाडी सुटी करून काढलेल्या आकृत्या असतात आणि प्रत्येक भागाला नंबर असतो. भाग शोधताना नाव सांगायचं नाही, नंबर सांगायचा, हे जुने दुकानदार आवर्जून सांगतात. "जावाचं क्लचचं बेअरिंग द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल ते देतो.

नावावर विसंबण्याचा आणखी एक धोका आहे. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, २०२२ मध्ये येझदीही आली. या गाड्यांना फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन आहे. टाकीचा आकार ओळखीचा वाटतो, पण जुन्या इंजिनाचा एकही आतला भाग त्यांच्याकडून मिळणार नाही. इंटरनेटवर 'जावा पिस्टन' असं शोधलंत तर या नव्या गाड्याच आधी दिसतात. तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असणार, जो दोन काळात दोन वेगळ्या गोष्टींना वापरला गेलाय. साहित्याचा आढावा घेताना तो आधी हेरा.

जावावाल्यांचं एक नशीब मात्र चांगलं. गाडी मेट्रिक मापाची आहे. त्यामुळे साधे नट-बोल्ट कुठेही मिळतात. महायुद्धाच्या काळातली बीएसए किंवा नॉर्टन असेल तर आटेच वेगळे. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. मेट्रिक बोल्ट त्या भोकात दोन-तीन आटे जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की आटे खाऊन टाकतो. 'बसला' आणि 'जुळला' यात फरक आहे, हे वाक्य तेव्हाच वहीत लिहायला हवं होतं.

दुसरा प्रश्न: कुठून आला?

भाग मिळण्याच्या ढोबळमानाने चार जागा आहेत. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि प्रत्येकीची फसवण्याची पद्धतही वेगळी.

पहिली जागा म्हणजे जुना, न वापरलेला माल. कारखाना बंद पडला तेव्हा डीलरकडे आणि तालुक्याच्या गावांतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत माल पडून होता. त्याला शौकीन लोक 'एनओएस' म्हणतात. पुठ्ठ्याचं खोकं, आत तेलकट कागदात गुंडाळलेला भाग, वर नंबर. हे मिळणं म्हणजे चैन. पण इथे आपलं मटेरियल सायन्स आडवं येतं. नीट तेल लावून ठेवलेला पोलादी गिअर तीस वर्षांनीही नव्यासारखा असतो. रबराचं ऑइल सील तसं नसतं. रबर वापरलं नाही तरी हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने हळूहळू कडक होतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे सील गळले तर नुसतं ऑइल गळत नाही, बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. म्हणजे कंपनीचं ओरिजिनल, सीलबंद पाकिटातलं रबर बसवून तुम्ही गाडी बिघडवू शकता. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. १९७० साली निवडलेल्या रबराने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. रबरी भाग असेल तर आजच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवीन घ्यावा. स्रोत जुना आणि अस्सल असला म्हणून तो प्रत्येक प्रश्नाला उपयोगी पडतोच असं नाही.

दुसरी जागा भंगार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी. जुना बाजारात मी काकांबरोबर पुष्कळ रविवार घातलेत. घड्याळं, पितळी दिवे, नळाच्या तोट्या आणि मधेच एखादं कार्ब्युरेटर. विकणाऱ्याला ते कशाचं आहे हे माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असेल तर भाव तिप्पट. इथे सापडलेल्या भागाची अडचण अशी की तो आपल्या जागेपासून तुटलेला असतो. कुठल्या गाडीतून निघाला, का काढला, चालू होता म्हणून की मोडला म्हणून, काहीच कळत नाही. पुरातत्त्वाचे विद्यार्थी सांगतील की थर न नोंदवता उचललेल्या खापराची निम्मी किंमत जाते. तेच इथे. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. अख्खं इंजिन घेत असाल तर त्यावर नंबर असतो आणि तो कुणाच्या तरी आरसी बुकात नोंदलेला असतो. पावती आणि कागद नसतील तर स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका.

तिसरी जागा परदेश. चेक प्रजासत्ताकात या जुन्या जावा आजही जिवापाड जपल्या जातात, आणि तिथे त्यांचे भाग नव्याने बनतात. १९६० च्या दशकातल्या भारतीय जावाला त्यातले बरेच चालतात. रोडकिंगसारख्या नंतरच्या गाड्यांना कमी. वर सांगितलेल्या त्या दोन वाटांमुळे.

चौथी जागा म्हणजे नक्कल, आणि तिचीच सख्खी बहीण म्हणजे लेथवर नवीन बनवून घेणं. आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या वस्त्या आहेत, जिथे ओतकाम आणि लेथकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बुश, पिन, स्पेसर असं काही हवं असेल तर नमुना हातात द्या, दोन दिवसांत तसाच दुसरा मिळतो. पण प्रश्न हाच आहे की 'तसाच' म्हणजे कसा?

तिसरा प्रश्न: मोजलं काय आणि मोजायचं राहिलं काय?

आता पुन्हा घाटात जाऊ. गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला आणली आणि एका वयस्कर मेस्त्रींकडे नेली. त्यांनी हयातभर जावाच दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी सिलिंडर काढला, पिस्टन बाहेर घेतला, उजेडात फिरवला आणि मला विचारलं, "पोरी, तू ह्याचं माप कुठून कुठं घेतलंस?"

मी म्हटलं, "स्कर्टला घेतलं. ६५.५० च्या ओव्हरसाइझला जेवढं हवं तेवढंच होतं."

"ते झालं. पण आडवं घेतलंस का उभं?"

मी गप्प. कारण मी एकाच दिशेने मोजलं होतं. पिस्टन गोल असतो, गोलाला व्यास एकच, असं मी धरून चालले होते.

पिस्टन गोल नसतो. थंड असताना तो किंचित लंबगोल असतो आणि वर निमुळता. ज्या बाजूंना गजन पिनची भोकं असतात तिथे धातू जास्त, त्यामुळे तापल्यावर तिकडे तो जास्त फुगतो. म्हणून त्या दिशेला तो मुद्दाम थोडा कमी ठेवतात. वरचा भाग आगीजवळ, जास्त तापणारा, म्हणून तिथेही व्यास कमी. म्हणजे तो थंड असताना वाकडा ठेवायचा, तर गरम झाल्यावर सरळ होतो.

यात धातूचा हिशेबही आहे. आपल्या इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. तापमान १०० अंशांनी वाढलं तर ६५ मिलिमीटरचं साधं ॲल्युमिनियम साधारण ०.१५ मिलिमीटरने फुगतं. बिडाचा सिलिंडर तेवढ्याच वाढीला ०.०७ च्या आसपास. या दोघांत ठेवलेली फट मात्र मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच असते. म्हणून पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन घालतात. त्याने फुगणं कमी होतं, आकडा ०.१३ किंवा त्याहून खाली येतो. दिसायला दोन शतांशांचा फरक, पण घाटात तोच निर्णायक ठरू शकतो.

मेस्त्रींनी पिस्टनवरचे ओरखडे दाखवले. ते पिनच्या भोकांच्या दोन्ही अंगांना होते. पुढचा-मागचा भाग बराचसा स्वच्छ होता. मग आम्ही इतर शक्यता एकेक करून तपासल्या. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं का? तसं असतं तर ओरखडे सगळीकडून असते. सील गळून मिश्रण हलकं झालं का? सील नवीन होते आणि प्लगचा रंगही तसं सांगत नव्हता. स्पार्कचं टायमिंग तपासलं, ते जागेवर होतं. शेवटी मायक्रोमीटरने तो पिस्टन दोन्ही दिशांनी मोजला. उभं आणि आडवं माप जवळपास सारखंच. काकांच्या डब्यातला जुना, झिजलेला, पण कंपनीचा पिस्टन काढून मोजला. त्यात फरक मायक्रोमीटरवर स्पष्ट दिसत होता. पुढे प्रयोगशाळेत दोन्हींचे तुकडे घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मूळ पिस्टनमध्ये सिलिकॉनचे कण भरपूर होते, नकलेत खूपच विरळ.

याने सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. एक इंजिन, एक घटना. पण ओरखड्यांची जागा, आकार आणि धातू, असे तीन वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते, आणि बाकीच्या शक्यतांच्या बाजूने एकही नव्हता. चांगल्या अनुमानाकडून आपण एवढीच अपेक्षा करतो.

माझी चूक मात्र साधी होती. मला जे मोजता येत होतं ते मी मोजलं, आणि तेवढंच महत्त्वाचं आहे असं समजले. नक्कल बनवणाऱ्यानेही बहुधा तेच केलं असणार. नमुना घेतला, व्हर्निअर लावला, एक आकडा लिहून घेतला.

नकलेची नक्कल

आता समजा, मूळ भाग कुठेच नाही आणि तो पुन्हा बनवायचाच आहे. ड्रॉइंग हरवलेलं. हातात आहेत चार-पाच झिजलेले नमुने. मूळ माप कसं ठरवायचं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. संत एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला करता करता तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेले होते. पुढे विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ते १९६६ इतका काळ त्याला लागला, आणि १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला मोटरसायकलीसाठी थेट उपयोगी पडली. कुठला पाठ जास्त पोथ्यांत आहे हे नुसतं मोजून भागत नाही. कोणती पोथी कोणत्या कुळातली, उत्तरेची की दक्षिणेची, हे आधी पाहावं लागतं. एकाच पोथीवरून दहा नकला झाल्या असतील तर ते दहा साक्षीदार नाहीत, एकच आहे.

बाजारातले नवे पिस्टनही तसेच. पाच दुकानांतून पाच आणले आणि पाचही सारखे भरले, म्हणून खूश होऊ नका. पाचही एकाच साच्यातून निघालेले असू शकतात. ओतकामाच्या खुणा, आतल्या बाजूचा आकार, रिंगच्या खाचेतल्या बारीक पिनची जागा, यावरून कूळ ओळखता येतं.

पण इथे पोथीपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे, आणि विज्ञानवाल्यांनी ती नीट लक्षात ठेवावी. झिजलेल्या पाच भागांच्या मापांची सरासरी काढायची नाही. सरासरी तेव्हाच कामाची, जेव्हा चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला होते. झीज एकाच बाजूला होते. पिस्टनचा स्कर्ट झिजून बारीकच होणार, सिलिंडरचं भोक मोठंच होणार. सरासरी काढलीत तर तुम्ही झीज धरून नवीन भाग बनवाल. त्याऐवजी जिथे घासणूक झालेलीच नाही अशी जागा शोधायची. रिंगच्या वरचा पट्टा, पिनच्या भोकाजवळचा न घासलेला कोपरा. तिथे मूळ यंत्राच्या कटरच्या रेषासुद्धा कधी कधी दिसतात. त्या रेषा दिसल्या की समजायचं, इथे कारखान्याचा हात अजून शाबूत आहे.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक माप फार महत्त्वाचं. या इंजिनात वेगळे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधल्या खिडक्या उघडतो आणि बंद करतो. त्यामुळे पिनच्या केंद्रापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची चुकली, की खिडक्या उघडण्याची वेळच चुकते. व्यास बरोबर, उंची चूक, असा पिस्टन बसतो, गाडी चालूही होते, फक्त पूर्वीसारखी ओढत नाही. मग लोक कार्ब्युरेटरला दोष देतात.

मग पुढे काय झालं?

चार महिने लागले. शेवटी एका तालुक्याच्या गावात, बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर कंपनीचा न वापरलेला पिस्टन मिळाला. पण तो आमच्या मापाचा नव्हता, एक पायरी मोठा होता. ओव्हरसाइझ पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढतं. ६५.२५, ६५.५०, ६५.७५, ६६. प्रत्येक वेळी सिलिंडरच्या भिंतीचा थोडा धातू कायमचा जातो. काकांनी एक संध्याकाळ विचार केला. शेवटी म्हणाले, "पिस्टन मिळेल तसा सिलिंडर करायचा. उलटं करायला आता दिवस राहिले नाहीत." ओरखडे पडलेला सिलिंडर तसाही पुन्हा बोअर करावाच लागणार होता. आता तो ६५.७५ वर आहे. म्हणजे आणखी एकच संधी शिल्लक. त्यानंतर नवीन स्लीव्ह घालावी लागेल.

ही मर्यादा काकांना बोचते, मलाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि फार मोठे बदल न केलेली गाडी त्यात नोंदवता येते. काकांची गाडी वयाने त्यात बसते. पण 'मूळ स्वरूप' म्हणजे काय, हा प्रश्न मला आता पूर्वीसारखा सोपा वाटत नाही. सील आजच्या रबराचे आहेत, ते असायलाच हवेत. पिस्टन कंपनीचा आहे, पण तिसऱ्या मापाचा. सिलिंडर तोच आहे, फक्त आतून थोडा कमी झालेला.

त्या चार महिन्यांत एक काम मात्र झालं. मेस्त्रींना पंच्याहत्तर वर्षं झाली आहेत, हात थोडे थरथरतात. त्यांच्याकडे कॅटलॉग नाही, मापं डोक्यात आहेत. दर रविवारी मी त्यांच्याकडे वही घेऊन बसले. कुठल्या वर्षाच्या गाडीत कुठला भाग बदलला, कुठली नक्कल चालते, कुठली चालत नाही, क्रँक दाबून बसवताना काय बघायचं. प्रत्येक गोष्टीपुढे मी तीन खुणा ठेवल्या: 'मेस्त्रींनी सांगितलं', 'मी स्वतः मोजलं', 'दोन्ही जुळलं'. काही ठिकाणी त्यांची आठवण आणि माझं मोजमाप जुळलं नाही. तिथे मी काहीच खोडलं नाही, दोन्ही लिहून ठेवलं. त्यातल्या दोन ठिकाणी पुढे दुसरा नमुना मिळाला आणि त्यांचंच बरोबर निघालं.

तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा कदाचित मोटरसायकलीशी तुमचा काही संबंध नसेल. पण असा एखादा भाग तुमच्याही विषयात असतो. ज्याचं ड्रॉइंग हरवलंय, नकला बाजारात आहेत, आणि खरं माप एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ आहे. तो भाग कोणता, हे पहिल्या सहा महिन्यांत ओळखा. त्या माणसाला आधी भेटा. ग्रंथालय पुढच्या वर्षीही उघडं असेल.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच घाटातून साताऱ्याला गेलो. काका अर्ध्या चढावर थांबले, सिलिंडरवर हात धरून अंदाज घेतला, पाच मिनिटं गाडी निवू दिली आणि मग पुढे निघालो. मी मागे बसून प्लगचा रंग वहीत लिहिला. तपकिरी. चांगला.